आठ वाजताची बेगमी

आमच्या कऱ्हाडच्या घरात टीव्ही सोप्यात असायचा आणि आई स्वयंपाकघरात. मधे माजघर. माजघराचं दार उघडं असलं तरी त्यातून चित्र काही पलीकडे जायचं नाही, आवाज तेवढा जायचा. आईनं कितीतरी वर्षं टीव्ही नुसता ऐकला.

मला आठवतंय तेव्हापासून हे असंच. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. रविवारी सकाळी साडेनऊला गल्ली ओस पडायची आणि आमचा सोपा भरायचा. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता अशी दहा-बारा माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची. त्या सगळ्यांचा चहा आईकडे. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबरपासून, महाभारत आलं. माणसं तीच, चहाही तोच. आईला रामाचा आवाज ओळखू यायचा, शकुनीचा यायचा, भीष्माचा यायचा. चेहरे मात्र येता-जाता, कपबशा नेता-आणता जेवढे दिसतील तेवढेच. त्यात तिच्यावर अन्याय होतोय, असं घरात कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. आई स्वयंपाकघरात असते, हे आम्ही भिंत जिथे असते तिथे असते तसं धरून चाललो होतो.

पुढे रंगीत टीव्ही आला, केबल आली, मराठी वाहिन्या आल्या, रोज संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या. संध्याकाळी आठ ही त्यांची मानाची वेळ. आणि आमच्याकडे आठ ही भाकरीची वेळ. अण्णा दुकान बंद करून साडेआठला घरी यायचे. ताटात भाकरी तव्यावरची पडली पाहिजे, हा आजीच्या काळापासूनचा नेम. ज्वारीची भाकरी सोडून जाता येत नाही. थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकतंय तोवर दुसरा गोळा मळायचा, मग उलटायची, मग जाळावर फुगवायची. मधल्या मधे सोप्यात जाऊन दोन मिनिटं बसू म्हटलं तर भाकरी करपणार किंवा वातड होणार. एका भाकरीला लागतो तेवढाच वेळ आईच्या हातात, आणि तोही मोकळा नाही. रोजच्या बारा-चौदा भाकऱ्या. म्हणजे मालिकेचा सबंध भाग.

डिशचा डबा मी आईसाठी आणला नव्हता. २०११ च्या फेब्रुवारीत क्रिकेटचा विश्वचषक सुरू होणार होता, मला नोकरीवरून यायला उशीर व्हायचा, आणि सामने रेकॉर्ड करता येतील असा डबा मिळतो हे कळलं होतं. आपल्याकडे खासगी कंपन्यांचं डिशवरचं प्रक्षेपण २००३ पासून होतं. रेकॉर्ड करणारे डबे २००८ च्या सुमारास आले. मी त्यातला एक घेतला. कंपनीचा मुलगा आला, गच्चीवर चढला, छत्री दक्षिणेकडे तोंड करून जराशी पूर्वेला वळवली आणि मीटरवरचा आकडा बघत बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत राहिला. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उभ्या असलेल्या उपग्रहाशी त्याचं हे बोटाच्या पेराएवढं जमवणं चाललं होतं. उपग्रह उभा दिसतो तो पृथ्वीच्याच चालीनं फिरतो म्हणून. त्या उंचीवर एक फेरी बरोबर एका दिवसात होते. आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच हे हिशोबानं मांडून ठेवलं होतं. आमच्या गच्चीवर, आईच्या कुरडयांच्या साडीशेजारी, त्या हिशोबाचं एक टोक पक्कं झालं.

२ एप्रिलचा अंतिम सामना मी वेळेवर घरी येऊन पाहिला, तरी रेकॉर्डला लावलाच. धोनीचा षटकार आमच्या पडद्यावर पडायच्या आधी शेजारच्या वाड्यातून आरोळी आली. त्यांच्याकडे केबल होती. प्रत्येक वाटेवर चित्र बांधायला, सोडायला, पुन्हा उलगडायला थोडाथोडा वेळ लागतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. उपग्रहापर्यंत जाऊन यायलाच पाव सेकंद जातो. थेट प्रक्षेपण म्हणून आपण जे पाहतो ते थोडं मागचंच असतं. त्या रात्री मी आनंदात होतो, हे मनात आलं आणि गेलं. पुढच्या वर्षी ते मला पुन्हा आठवलं.

२०१२ च्या मार्चमध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ सुरू झाली. रमाबाई रानड्यांची गोष्ट. पहिले दोन-तीन आठवडे आईनं ती नेहमीसारखी ऐकली. एकदा जेवताना तिनं विचारलं, “त्या रमाला अक्षरं यायला लागली का रे?” मी म्हटलं, “तू बघत नाहीस का?” ती म्हणाली, “बघू कधी?”

हे ती तक्रार म्हणून म्हणाली नव्हती. खरोखरच मला विचारत होती, की बाबा, कधी बघू ते सांग.

दुसऱ्या दिवशी मी त्या मालिकेला रेकॉर्डचा लाल ठिपका लावला. एका भागाला नाही, सगळ्या भागांना. डब्याला तशी सोय होती. वाहिन्या दोन-चार मिनिटं मागेपुढे करतात आणि शेवटचा प्रसंग कापला जातो, म्हणून आधी-नंतर थोडी थोडी वाढीव वेळही दिली, शिवणकामात दाब सोडतात तशी. रात्री साडेनऊला भांडी झाली, ओटा पुसून झाला, आणि आई पदराला हात पुसत सोप्यात आली. मी म्हटलं, “बस. तुझी मालिका लावतो.” ती म्हणाली, “आता? ती आठला असते.” मी लावली.

छोटी रमा पडद्यावर आली तेव्हा आई चटकन पुढे सरकली. “अगं बाई, ही एवढीशी आहे होय! आवाजावरून मला चांगली दहावी-बारावीतली वाटत होती.” तेजश्री वालावलकर त्या लहान रमाचं काम करायची, ठसक्यात बोलणारी पोर. तीन आठवडे आईनं तो ठसका ऐकला होता आणि मनात एक उंच, शेलाटी मुलगी उभी केली होती. आता समोर परकरातली चिमुरडी. पहिला सगळा भाग आई गोष्टीकडे बघतच नव्हती, त्या मुलीकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, “परत लाव.”

रमाबाईंचं आयुष्यच उरलेल्या वेळातलं. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरात आल्या. महादेव गोविंदांनी शिकवायला सुरुवात केली ती दिवसभराची कामं उरकल्यावर, रात्री. घरातल्या बायकांना ते रुचत नव्हतं, त्यांचे टोमणे दिवसा झेलायचे आणि रात्री पुन्हा पुस्तक हातात घ्यायचं. पुढे त्याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि १९१० मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण सगळ्यांचं आटोपल्यावर आपली वेळ सुरू होते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून ती मालिका तिनं साडेनऊला पाहिली हे मला आज फार योग्य वाटतं.

मग तिला थांबवायचं बटण सापडलं.

रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते चालवलेलं नसतं. दूध तापत ठेवलेलं असतं. विरजण लावायचं असतं. मटकी उपसून फडक्यात बांधायची असते. अण्णांची गोळी, मामाचा फोन, दारात कुणीतरी. पूर्वी दुधाचा वास आला की आई पळायची आणि परत येईतो प्रसंग सरलेला असायचा. मग आमच्यापैकी कुणीतरी एका वाक्यात सांगायचं, तेही जाहिरात लागली तर. आता ती पदराला बोट कोरडं करायची, बटण दाबायची आणि आत जायची. पडद्यावर रमा पाटी घेऊन तशीच बसून राहायची, पेन्सिल वर उचललेली, ओठ अर्धवट उघडे. आई दूध उतरवायची, वर जाळी ठेवायची, परत यायची, बसायची, पदर नीट करायची, आणि मग पुन्हा बटण. रिमोट आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेला होता. वर्षभरात त्या पिशवीवर एकाच जागी, त्या एका बटणावर, पांढुरका चट्टा पडला. बाकीची पिशवी नवी होती.

आमच्या घरात आईसाठी कुणी थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि थांबला होता तो एक डबा.

तो थांबतो कसा, हे मी तेव्हा कुतूहलानं समजून घेतलं. वरून येणारं चित्र कधीच थांबत नाही. गच्चीवरच्या छत्रीपुढचं ते छोटं बोंडकं लहरी गोळा करतं, तारेतून खाली पाठवतं, आणि डबा त्या आकड्यांच्या धारेतला आपला कार्यक्रम निवडून जसाच्या तसा आतल्या चकतीवर लिहीत सुटतो. व्हीसीआरच्या टेपेवर उतरवलेलं चित्र मुळापेक्षा फिकं व्हायचं. इथे आलं तसंच राहतं, कारण चित्र नव्यानं काढलं जात नाही, आलेले आकडेच ठेवले जातात. आपण समोर पाहतो ते त्याच चकतीवरून वाचलेलं. बटण दाबलं की वाचणं थांबतं, लिहिणं चालूच राहतं. जात्यातून पीठ पडत राहावं आणि भरणारीनं आपल्या सवडीनं ते डब्यात भरावं, तसं. उठून दुसरं काम करून आली तरी पीठ कुठे जात नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं त्याला आपला शब्द दिला. “म्हणजे बेगमी,” ती म्हणाली.

तिला तो शब्द लगेच सुचला याचं मला आश्चर्य वाटायला नको होतं. चैत्र-वैशाखात आमची गच्ची पापड, कुरडया, सांडग्यांनी भरून जाते. आज ऊन आहे, उद्या नसेल. आज हात मोकळा आहे, उद्या नसेल. म्हणून आजचं उद्यासाठी. या विद्येत आई पारंगत. फक्त ती बेगमी तिनं नेहमी आमच्यासाठी केलेली. स्वतःसाठी काही राखून ठेवायची ही तिची पहिली वेळ. चकतीवर चाळीस-पंचेचाळीस तास मावायचे, आणि त्यातला कोपरान् कोपरा ती फडताळ लावावं तसा लावायची. पाहून झालेला भाग लगेच पुसायचा नाही. आवडलेला ठेवायचा. माझे जुने सामने मात्र ती विचारून पुसायला लावायची. अंतिम सामना तेवढा राहिला. “तो असू दे, तुझा आहे,” म्हणाली.

पावसाळ्यात तिला या डब्याचा एक दोष कळला. जोराची सर आली की पाणी त्या लहरी शोषून घेतं. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, मग निळा पडदा. रेकॉर्डमध्येही ते चौकोन तसेच उतरतात. आणि भारनियमन. वीज गेली की रेकॉर्ड तुटणार. इन्व्हर्टरवर फार भार चालत नव्हता, म्हणून आईनं आपणहून सोप्यातला पंखा काढायला लावून तिथे डबा जोडायला लावला. जूनच्या उकाड्यात अण्णा पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचे. ते काही बोलले नाहीत. मला वाटतं, तिथूनच त्यांच्या मनात काहीतरी हलायला लागलं असावं.

कार्यक्रमाची वेळ आपल्या वेळेला आणून बसवणं, या गोष्टीला नाव दिलं ते सोनी कंपनीच्या अकिओ मोरिता यांनी. १९७५ मध्ये त्यांचं घरगुती टेपयंत्र, बीटामॅक्स, बाजारात आलं. पुढच्या वर्षी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्या कोर्टात गेल्या : घरी बसून आमचा कार्यक्रम टेप करणं ही चोरी आहे. खटला सात वर्षांहून अधिक चालला. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नंतर पाहण्यासाठी घरी उतरवून घेणं यात गैर नाही. त्या निकालपत्रात फ्रेड रॉजर्स यांच्या साक्षीचा उल्लेख आहे. हे तिकडचे लहान मुलांचे कार्यक्रम करणारे, फार सौम्य, घराघरात माया मिळवलेले गृहस्थ. त्यांनी सांगितलं होतं की आई-बाप आणि मुलांना सवडीनं एकत्र बसून माझा कार्यक्रम पाहता येत असेल, तर ती कुटुंबाची सोयच आहे. मोठमोठ्या वकिलांच्या खटल्यात मला हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. यंत्राच्या मालकीपेक्षा पाहणाऱ्याच्या दिवसाकडे त्याचं लक्ष होतं.

माझी मावशी पाटण तालुक्यात असते. तिच्याकडे दूरदर्शनची फुकटची डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली ती. महिन्याचे पैसे नाहीत. बाजारातून घेतलेल्या साध्या डब्याला मागे पेनड्राइव्ह लावला की कार्यक्रम त्यात उतरतो. आषाढीला पंढरपूरची पहाटेची महापूजा सह्याद्री वाहिनी दाखवते. मावशीच्या गुडघ्यांना आता पहाट झेपत नाही. तिचा नातू रात्रीच वेळ लावून ठेवतो आणि मावशी सकाळी आंघोळ करून, फुलं वाहून, मग पूजा पाहते. तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्याखालच्या खणात असतो, उदबत्तीच्या पुड्याजवळ. एकादशीला ती आमच्याकडे आली तर घेऊन येते आणि तो आमच्या टीव्हीलाही चालतो. या शेवटच्या वाक्याचं महत्त्व मला २०१३ मध्ये कळलं.

त्या वर्षी मेअखेरीस वळीव आला. दुपारी चारला आभाळ काळंभोर झालं आणि परड्यातल्या माडावर वीज पडली. माड उभा चिरला. गच्चीवरच्या छत्रीतून, तारेतून, तो झटका डब्यात उतरला असावा. टीव्ही वाचला, डबा गेला. करपल्याचा वास दोन दिवस सोप्यात होता.

कंपनीचा माणूस आला, नवा डबा मिळेल म्हणाला. मी विचारलं, आतली चकती चांगली असली तर? तो म्हणाला, असली तरी उपयोग नाही. रेकॉर्ड केलेलं सगळं कुलूपबंद असतं. ज्या डब्यात उतरलं त्याच डब्यात उघडतं. मी हट्टानं ती चकती काढून संगणकाला लावून पाहिली. ती फिरत होती. तिचा बारीक घूं घूं आवाज येत होता. आईचे ठेवलेले सगळे भाग त्यात होते, माझा वानखेडेवरचा सामना होता, आणि त्यातलं एकही चित्र उघडत नव्हतं. कंपन्यांना चोरीची भीती असते, हे मी समजू शकतो. पण एका बाईनं वर्षभर निवडून, राखून ठेवलेलं तिलाच पाहता येऊ नये, हे चूक आहे. कायद्यात बसत असलं तरी चूक आहे. बरणी फुटली तर लोणचं जातं, हे आईला कळतं. बरणी फुटली, लोणचं शाबूत आहे, पण हात लावायचा नाही, हे मला तिला नीट समजावता आलं नाही. मावशीचा पेनड्राइव्ह मला त्या दिवशी फार मोलाचा वाटला.

आई एवढंच म्हणाली, “जाऊ दे. ऐकीन की.”

मालिका जुलैत संपणार होती. सहा-सात आठवडे उरले होते. मोठी झालेली रमा आता स्पृहा जोशी करत होती, आणि शेवट तोंडावर आला होता. मी नव्या डब्यासाठी पैसे काढून ठेवले होते. त्या रात्री जेवताना अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि ताटाकडेच बघत म्हणाले, “उद्यापासून मी दुकान सातला बंद करतो.”

आई म्हणाली, “अहो, सात ते आठ गिऱ्हाईक असतं.”

“असू दे.”

दुसऱ्या दिवशी ते सव्वासातला घरात होते. धाकट्या भावानं ताटं घेतली. भाकरी थापायला मला आजही जमत नाही, काठ फाटतात. पण तव्यावरची उलटायला आणि जाळावर फुगवायला मी त्या आठवड्यात शिकलो. आईनं नुसतं थापायचं आणि मी भाजायचं, असं केलं की बारा भाकऱ्यांना निम्मा वेळ लागतो. इतक्या वर्षांत हा हिशोब आमच्यापैकी कुणी घातला नव्हता. आठला पाच कमी असताना आई सोप्यात येऊन बसली. हाताला पीठ नव्हतं. मालिका सुरू झाली तेव्हा ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती, दूध राहिलंय का, कुणी हाक मारतंय का. दूध मी उतरवून आलो होतो. जाहिराती लागल्या तेव्हा ती म्हणाली, “एवढ्या जाहिराती असतात होय? डब्यात मी त्या पळवायचे.”

मालिका संपली. नंतर दुसऱ्या आल्या. आता मोबाइलवर कोणताही भाग कधीही पाहता येतो आणि आईलाही ते येतं. नवा डबा आम्ही घेतला नाही. जुना माळ्यावर आहे, चकती त्याच्या आत परत बसवलेली, रिमोट पिशवीसकट त्याला बांधलेला.

दुकान अजून सातला बंद होतं. जेवणं साडेसातला होतात. आठ वाजता आमच्या स्वयंपाकघरातला दिवा मालवलेला असतो.